काकांचं बोट हललं!

अभिनयाचं राहू द्या, पण कोमात पडण्याच्या बाबतीत माझा हात कुणी धरणार नाही, असं मी त्या दिवशी बायकोला छातीठोकपणे सांगितलं.

"नुसते डोळे मिटून पडायचंय! रोज फक्त एक तास. उरलेला दिवस रियाजाला मोकळा. यात चुकणार काय?"

बायको चहा गाळत होती. गाळणी हातात तशीच धरून तिने टेबलाखाली पाहिलं. तिथे माझा उजवा पाय शिवणयंत्र चालवल्यासारखा हलत होता.

"तुम्ही? पडून राहणार? अहो, तुम्ही झोपेतसुद्धा चादरीवर गाणी वाजवता. सकाळी बघावं तर चादर दमून जमिनीवर पडलेली असते!"

घरातल्या समीक्षकांकडे मी लक्ष देत नाही.

पण तुम्हाला आधी थोडं मागचं सांगायला हवं. मी मुळात नट नाहीच. मी अकॉर्डियन वाजवतो. ती छातीवर बांधून दोन्ही हातांनी ताणायची-दाबायची पेटी, तीच. नऊ वर्षांपूर्वी एका मालिकेतल्या पार्टीत मागे उभं राहून वाजवायला मला बोलावलं होतं. नेमका त्या दिवशी घरातल्या काकांचं काम करणारा नट रुसून निघून गेला. दिग्दर्शकाने चहूकडे नजर फिरवली आणि माझ्याकडे बोट केलं. "हे पेटीवाले बरे दिसतात. यांची पेटी काढा आणि यांना सोफ्यावर बसवा!"

पेटी काढली, मी बसलो, तो नऊ वर्षं उठलोच नाही!

या नऊ वर्षांत मी, म्हणजे मालिकेतल्या काकांनी, दोनदा धंदा बुडवला, एकदा तुरुंगवास भोगला, पुतण्यांची तीन लग्नं मोडली आणि चार जुळवली. अकॉर्डियनला मात्र एकदाही हात लावला नाही. रस्त्यात सगळे मला 'काका' म्हणूनच हाक मारतात. माझ्या दातांच्या डॉक्टरने तर फाइलवरही 'काका' एवढंच लिहून ठेवलंय. कुणाला मी सांगायला जावं, "मी अकॉर्डियन वाजवतो हं," तर समोरचा विचारतो, "हो का? कितव्या भागात?"

म्हणून मी ठरवलं, की आता स्वतःच्या चालींचा कार्यक्रम करायचा. बावीस वर्षांत रचलेल्या अकरा चाली, शनिवारी संध्याकाळी सहा वाजता, तीनशे खुर्च्यांचं सभागृह! सभागृह ठरवलं, सोबतीला एक ड्रमवाला आणि एक व्हायोलिनवाली ठरवली, आणि दिग्दर्शकाकडे पंधरा दिवसांची रजा मागायला गेलो.

"रजा नाही देता येणार," दिग्दर्शक म्हणाले. "पण तुम्हाला कोमात टाकू शकतो."

मी त्यांना मिठीच मारली!

लगेच मला जिन्यावरून ढकलण्यात आलं. कुणी ढकललं, ते लेखिकाबाईंनी अजून ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे पडद्यावर नुसता एक हात दिसला. डोक्याला पट्टी, नाकात नळी, मनगटाला सलाईन, आणि मी दवाखान्याच्या पलंगावर आडवा!

"ॲक्शन!"

पहिली दहा सेकंदं मी असा काही निपचित पडलो, की मलाच माझी काळजी वाटली. पण अकराव्या सेकंदाला डोक्यात माझी सातवी चाल सुरू झाली. या चालीचा शेवट मला महिनाभर सापडत नव्हता. ती गोल गोल फिरायची आणि दाराशी येऊन थांबायची, बाहेर काही पडायची नाही. आता ती सुरू झाली आणि...

"कट! काका, पाय!"

पाय हलत होता. मी माफी मागितली. दुसऱ्या वेळी पाय आवरला, तर नाकाला खाज सुटली. तिसऱ्या वेळी माझी मालिकेतली बायको, जिला आम्ही सगळे काकूबाई म्हणतो, माझ्या अंगावर ओणवून रडायला लागली. काकूबाई खरं पाणी काढतात. त्यातला एक मोठा, कोमट थेंब नेमका माझ्या कानात गेला!

"कट! कोमातला माणूस किंचाळत नाही हो, काका!"

दोन दिवस हा प्रकार चालला. एका तासाचं काम पाच तासांवर गेलं. नुसतं पडून राहून मी इतका दमायला लागलो, की घरी आल्यावर रियाजाऐवजी अंगाला तेल चोळत बसायचो. शेवटी मेकअपदादांनी चादरीखालून माझे दोन्ही पाय पलंगाला पट्टीने बांधून टाकले. मग मात्र सगळं सुरळीत झालं. पाय बांधलेले, काकूबाई रडताहेत, कॅमेरा सरकत सरकत जवळ आला, "कट! उत्तम!" दिग्दर्शक खूश, मी खूश.

पायांकडे सगळ्यांचं लक्ष होतं. हातांकडे कुणाचंच नव्हतं.

कार्यक्रमाच्या आदल्या गुरुवारी तो भाग दाखवला गेला. भाग संपायच्या आतच घरचा फोन वाजला. शेजारच्या काकू होत्या. "अहो, बोट हललं! काकांचं डावं बोट हललं! मी स्वतः पाहिलं!" मग दुकानदाराचा. मग माझ्या सख्ख्या बहिणीचा, आणि ती चक्क रडत होती!

"ताई, मी घरीच आहे. भेंडी चिरतोय," मी म्हणालो.

"तू गप्प बस रे!" ती म्हणाली. "मी काकांबद्दल बोलतेय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको धावत आली. गुरुवारपर्यंत तीनशेपैकी एक्केचाळीस तिकिटं गेली होती, त्यातली अठ्ठावीस नातेवाइकांची. आणि आता एका रात्रीत सगळी संपली होती!

"बघितलंस?" मी म्हणालो. "शेवटी चांगल्या संगीताला लोक येतातच!"

बायकोने जाहिरातीतल्या माझ्या फोटोच्या डाव्या हातावर नुसतं बोट ठेवलं. 

तेवढ्यात दिग्दर्शकांचा फोन आला. "काका, कमाल केलीत! लोकांनी बोट डोक्यावर घेतलंय! रविवारी एक तासाचा खास भाग करतोय. तुम्ही शुद्धीवर येणार! शूटिंग उद्या."

"उद्या? शनिवारी? उद्या माझा कार्यक्रम आहे!"

मी तडक लेखिकाबाईंकडे गेलो. त्यांच्या टेबलावर तीन मालिकांची कुटुंबं पसरलेली होती. मी हात जोडले. "बाई, मला परत खोल कोमात ढकला. वाटलं तर अर्धांगवायू द्या, पण उद्या उठवू नका!"

"एकदा हललेलं बोट मागे घेता येत नाही, काका," लेखिकाबाई मान वर न करता म्हणाल्या. "पण काळजी करू नका. सकाळी दहाला उठा, चारला घरी जा. एकच तर वाक्य आहे तुमचं."

वाक्य होतं: "मी... कुठे... आहे?"

शनिवारी मी सकाळपासून मनगटावरचं घड्याळ बघत होतो. मेकअपदादांनी ते काढून घेतलं, तर भिंतीवरचं बघायला लागलो. अकॉर्डियन मी सोबतच आणली होती, शूटिंगवरून थेट सभागृहात जायचं म्हणून. पलंगावर पडलो. काकूबाईंनी हाक मारली. मी खाडकन उठून बसलो. "मी कुठे आहे?"

"कट! काका, तुम्ही कोमातून उठताय! गाडी चुकल्यासारखे काय उठता?"

पुन्हा. या वेळी हळू उठलो, पण वाक्य इतकं भराभर म्हटलं, की काकूबाईंना हसू फुटलं. पुन्हा. मग दिवा गेला. मग काकूबाईंचे डोळे सुजले. मग दिग्दर्शकांना वाटलं, की पापण्या आधी एक आणि मग दुसरी अशा उघडाव्यात. तुम्ही करून बघा! सतरा वेळा मी शुद्धीवर आलो. अठराव्या वेळी माझ्यात इतका जीवच उरला नव्हता, की सगळं आपोआप खरं वाटलं.

"कट! अप्रतिम!"

सव्वापाच वाजले होते! मी उडी मारून मेकअपच्या खोलीकडे धावलो. खोलीला कुलूप. मेकअपदादा दुसऱ्या मालिकेतल्या कुणाला तरी भाजायला गेले होते, आणि माझे कपडे आत! डोक्यावरची पट्टी ओढून पाहिली, तर ती अशी चिकटवलेली, की पट्टीबरोबर भुवया यायला लागल्या. विचार करायला वेळ नव्हता. दवाखान्याचा हिरवा झगा, डोक्याला पट्टी, छातीशी अकॉर्डियन, अशा अवतारात मी रस्त्यावर आलो आणि टॅक्सीला हात केला.

टॅक्सीवाल्याने वळून पाहिलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"काका! तुम्ही उठलात?"

"उठलो. लवकर चला. सहाला पोचायचंय!"

"म्हणजे पळून आलात?"

"अहो, ती मालिका आहे!"

"ते कळतं हो मला," तो दुखावल्या आवाजात म्हणाला. "मी काय खुळा आहे? पण डोक्याचं दुखणं वाईट. गचका बसायला नको." आणि त्याने गाडी अशी चालवायला घेतली, जणू मागे काचेची भांडी ठेवलीत. एक आजोबा काठी टेकत आमच्या पुढे निघून गेले! मी मागच्या सीटवर उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे सरकत होतो.

"जरा दामटा ना गाडी!"

"बघा, घाबरेघुबरे झालात. पडून राहा." मग त्याने फोन लावला. "आई, काका माझ्या गाडीत आहेत. हो! शुद्धीवर! घे, बोल." फोन माझ्या कानाशी आला. पलीकडून थरथरता आवाज म्हणाला, "बाबा रे, कुणी ढकललं तुला?"

मी काय सांगणार? मलाच माहीत नव्हतं!

सहा वाजून वीस मिनिटांनी पोचलो. बायको दारातच उभी होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ड्रमवाला वीस मिनिटं एकटाच बडवतोय," ती म्हणाली. "जा तसेच."

मी रंगमंचावर गेलो. तीनशे माणसं एकदम उठून उभी राहिली.  मी अकॉर्डियनचे पट्टे खांद्यावर चढवले, तर सभागृहातून एकच हुंदका आला.

"अहो, एवढं वजन उचलू नका!" पहिल्या रांगेतून एक बाई ओरडल्या.

"खुर्ची द्या कुणीतरी!"

खुर्ची आली. पाणी आलं. एकाने मागचा पंखा बंद करायला लावला. मी वाजवायला सुरुवात केली. पहिली चाल, दुसरी, तिसरी. लोक टाळ्या वाजवत होते, पण अगदी हळू, आजाऱ्याला त्रास होऊ नये अशा बेताने! सुरांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळ्यांची नजर माझ्या डाव्या बोटावर. बावीस वर्षांचं काम मी त्यांच्यापुढे मांडत होतो, आणि ते माझा ताप बघत होते! सहाव्या चालीला माझ्या अंगाची लाही झाली. मी थांबलो, उठून उभा राहिलो.

"ऐका!" मी ओरडलो. "मी काका नाही! मी कधीच काका नव्हतो! मी वादक आहे!"

 मग दुसऱ्या रांगेतले एक गृहस्थ आपल्या पत्नीकडे झुकून हळूच म्हणाले, पण मला ते स्पष्ट ऐकू आलं.

"अरेरे. स्मृती गेली बिचाऱ्याची."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. राग, दमणूक, अठरा वेळा उठणं, सगळं एकदम वर आलं. मी डोळे मिटले आणि सातवी चाल सुरू केली. ती फिरत फिरत दाराशी आली, नेहमीसारखी थबकली, आणि मी तिला अशी काही ढकलली, की ती बाहेर पडली! शेवट सापडला! इतका साधा होता, की मला हसू आलं. डोळे उघडले, तर ड्रमवाला थांबून माझ्याकडे बघत होता. व्हायोलिनवालीने गज खाली ठेवला होता. आणि लोक टाळ्या वाजवत होते, या वेळी जोरात, आजाऱ्याचा मुलाहिजा न ठेवता. राहिलेल्या चार चाली मी कशा वाजवल्या, मला आठवत नाही. माझ्या मते त्या बऱ्या झाल्या.

कार्यक्रमानंतर रांग लागली. पहिल्या रांगेतल्या त्या बाई आल्या आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. "काय वाजवलंत हो! ती सातवी चाल! माझ्या अंगावर काटा आला."

मी तरंगायला लागलो. "खरंच?"

"खरंच. डॉक्टरांना सांगा, हाच उपचार चालू ठेवा. गुण येतोय. लवकर बरे व्हा!"

आणि त्यांच्या मागे, वही हातात घेऊन, लेखिकाबाई उभ्या होत्या.

आता तुम्ही मालिका बघत असाल तर पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. काका शुद्धीवर आलेत, पण त्यांची स्मृती गेलीय, आणि आपण एक मोठे वादक आहोत असा त्यांना भ्रम झालाय! रोज रात्री साडेआठ वाजता मी पूर्ण दोन मिनिटं माझ्या स्वतःच्या चाली वाजवतो, आणि काकूबाई दाराआड उभ्या राहून रडतात. पहिल्याच आठवड्यात सात चाली घराघरांत पोचल्या. लेखिकाबाई म्हणतात, प्रेक्षकांना दया येतेय तोवर चालवू. स्मृती परत आली, की पेटी माळ्यावर आणि मी सोफ्यावर.

तेव्हा एक विनंती आहे. रस्त्यात कधी भेटलो तर खुशाल 'काका' म्हणा, माझी हरकत नाही. फक्त 'लवकर बरे व्हा' तेवढं म्हणू नका. अजून चार चाली राहिल्यात हो!