एकास आठ

पोळ्यानंतरचा रविवार, सकाळ. स्थळ: रायपूरचा तात्यापारा, पिंपळापुरे यांच्या घरची समोरची खोली. हजर: प्रभाकर पिंपळापुरे, निवृत्त ट्रेसर, त्यांच्या पत्नी कुमुदकाकू, मी (इथल्या मराठी मंडळाची सेक्रेटरी), आणि दिवाणावर एक पिवळं विमान, ज्याच्या पायी त्या घरात पाहुण्यांना बसायला जागा उरलेली नाही.

हजेरी घेतल्याशिवाय मला कुठलीच बैठक झाल्यासारखी वाटत नाही. त्या दिवशीची हजेरी मात्र मी रागाच्या भरात घेतली होती. राग दोन वर्षांचा होता.

पिंपळापुरे काका माणसाला नमस्कार करत नाहीत. आधी त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघतात, मनात आठाने भागतात आणि आलेलं उत्तर तोंडावर सांगतात. "शुभाताई, तुम्ही आठ इंच. अगदी भाग जाते." ही आमची पहिली ओळख. माझ्या नवऱ्याला त्यांनी पावणेनऊ इंच ठरवलं, तर तो आठवडाभर खूश होता. आमच्या अध्यक्षांना सात म्हणाले. अध्यक्ष अजून त्यांच्या घरी गेलेले नाहीत.

हे सगळं त्या विमानाच्या प्रमाणात. खऱ्याचे आठ फूट, तर ह्याचा एक. विमान टायगर मॉथ जातीचं. काठ्या, कापड आणि तारा यांचं, एकावर एक असे दोन पंख असलेलं, उघड्या दोन सीटांचं. पूर्वी नवशिक्यांना उडवायला शिकवत ते ह्याच्यावर. पुढे सर, मागे विद्यार्थी, आणि दोघांच्या मध्ये बोलायला एक नळी. काका स्वतः कधी कुठल्याच विमानात बसलेले नाहीत. "मी? मले गच्चीच्या जिन्यावर गरगरते," म्हणतात.

बसल्या होत्या त्या काकू. लग्नाआधी नागपूरला त्यांनी ह्याच जातीच्या विमानावर धडे घेतले होते. हे सगळ्या तात्यापाऱ्याला ठाऊक आहे, कारण पूर्वी प्रत्येक हळदीकुंकवाला काकू ते सांगत, आणि घरी येऊन आम्ही म्हणत असू, आज पुन्हा विमान उडालं. अलीकडे ते उडत नाही. काकू विसरायला लागल्या. आधी गॅस, मग किल्ल्या, मग माणसं. आता खिडकीशी खुर्चीत बसून असतात आणि बोलत नाहीत.

तर, राग. काकांनी जन्मभर सरकारी खात्यात कालव्यांचे नकाशे ट्रेस केले. "रेघ केसभर सरकली तर कालवा दुसऱ्याच्या वावरातून जाते, बाई. स्केल म्हणजे स्केल." अशा माणसाने विमान करायला घेतलं, म्हणजे ते वेळेत आणि बिनचूक होणार, असा माझा समज होता. त्या समजावर मी माझ्या वस्तू दिल्या. एक छत्री गेली, तिच्या काड्या पंखांच्या आत आहेत. चहाची गाळणी इंजिनापुढे लागली. मंडळाच्या तंबोऱ्याच्या दोन तारा त्यांनी परस्पर काढल्या, पंख ताणून धरायला. मी जाब विचारला तर तार छेडून दाखवली. "ऐका. खऱ्या विमानाची अशीच वाजवून पाहतात." तेव्हापासून आमच्या गायनाच्या वर्गात तंबोरा अर्धाच बोलायचा.

पंडरीच्या कापडबाजारात मी त्यांच्याबरोबर एकदाच गेले. पंखांना मलमल हवी होती. काकांनी ट्रेसिंगचं भिंग काढलं आणि दुकानदाराच्या गादीवर पालथं पडून धागे मोजायला लागले. हा पोत एकास आठला जाड, तो पातळ. तासाभराने दुकानदार म्हणाला, "काकाजी, कफ़न का कपड़ा भी कोई इतना नहीं देखता." काका म्हणाले, "कफ़न उड़ता नहीं, भैया." आणि कापड न घेता उठले. सदर बाजारात तर मी मंगळसूत्र हातात धरून सोनारासमोर उभी, आणि सोनार काकांच्या विमानात बसायच्या बाहुलीच्या पट्ट्याचं बक्कल घडवतोय. "दीदी, दो मिनट. प्लेन का काम है."

एवढं करून विमान पूर्ण झालं असतं तर मी हे सगळं विसरले असते. पण ते पूर्ण व्हायचंच नाही. दिवाळीत काका म्हणाले, झालं. मी पाहायला गेले तर वरच्या पंखाचं कापड फाडून टाकलेलं. काय, तर पंखाच्या टोकाच्या हलत्या झडपा वरच्या पंखाला लावल्या होत्या, त्या खालच्याला हव्या. संक्रांतीला पुन्हा झालं. मग कळलं, शेपटीखाली घसरायला लाकडी टाच असते, ह्यांनी चाक बसवलं. होळीला पेट्रोलची टाकी चुकली. आणि समोर भिंतीवर पूर्ण नकाशा टाचलेला, हातात भिंग. नकाशात टाकी वरच्या पंखाच्या मधोमध, मला बिनचष्म्याची दिसते.

"काका, समोर बघून चुकता तरी कसे?"

"होते, बाई. वय झालं."

हे कालव्यांचे नकाशे काढणारे. मला त्या कालव्यांचीच काळजी वाटायला लागली.

यंदा मात्र प्रश्न माझ्या शब्दाचा होता. रायपूर राजधानी झाल्यापासून आमच्या अध्यक्षांना सगळं राजधानीला शोभेल असं हवं असतं. गल्लीत लाल दिव्याची गाडी शिरली तरी ते शर्ट खोचतात. यंदाच्या गणपतीला मंत्री येणार, म्हणून मंडपाशेजारी हस्तकलेचं प्रदर्शन, आणि मधोमध काचेच्या पेटीत काकांचं विमान. पेटी करून आली. "पण ते पूर्ण असेल ना?" असं अध्यक्षांनी भर सभेत विचारलं, आणि भर सभेत मी हो म्हणाले.

म्हणून त्या रविवारी मी रिक्षा दाराशी थांबवून, जुनी रजई आणि सुतळी घेऊन आत गेले. विमान खरंच तयार होतं. पिवळंधमक, शिवणीचा टाका न् टाका मोजून घ्यावा असं. काका दोन लाकडी बाहुल्या बसवत होते. एक मिशीवाले सर. दुसरी मुलगी, चामडी टोपीखालून वेणी आलेली. त्यांनी मुलीला पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा आवळला, ते सोनाराचं बक्कल लावलं आणि सरांना मागे ढकललं.

मी डोक्याला हात लावला. "काका, पोरगी मागे. सर पुढे. नकाशात लिहिलं आहे."

"दिसून राहिलं मले."

"मग पुढे काहून बसवली?"

"हळू बोला," काका म्हणाले. त्यांनी विमान उचललं आणि खिडकीशी काकूंच्या समोर, स्टुलावर नेऊन ठेवलं. काकू बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगा मोडत होत्या. काका बाजूला सरून नकाशाकडे तोंड करून उभे राहिले, जणू त्यांचा संबंध नाही.

काकू शेंगा मोडत राहिल्या. मग हात थांबले.

"ओ जी. हे काय करून ठेवलं?"

"काय झालं?"

"मी समोर कुठं बसत होती? समोर सर. विद्यार्थी मागं बसते. साधी गोष्ट समजत नाही तुम्हाले?"

"असं होय," काका म्हणाले. "मग सरांचं ऐकू कसं ये?"

"नळीतून. कानाशी लावलेली राहे ना." काकूंनी शेंगेचं टोक विमानाच्या आत घालून नळीची जागा दाखवली. "खूप चिडत सर. म्हणत, मिस, हात हलका ठेवा, कणीक मळून नाही राहिल्या. मी नळीतून म्हटलं, सर, कणीक मले येतच नाही." त्या हसल्या. मी त्यांना हसताना पाहून किती काळ झाला, मला आठवेना. "खाली तलाव दिसे. एवढासा. परात पालथी घातल्यावाणी."

"मग?"

"मग काय. पुढल्या हप्त्यात एकटीनं उडवायचं होतं. तेवढ्यात रायपूरचं स्थळ आलं."

"कसं होतं स्थळ?"

"बुटकं. पण अक्षर चांगलं होतं त्याचं." काकूंनी काकांकडे नीट पाहिलं. "तुम्ही ओळखता त्याले?"

"हव," काका म्हणाले. "थोडासा."

काकू पुन्हा शेंगांकडे वळल्या. काकांनी विमान उचलून दिवाणावर आणलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सगळं बरोबर असलं तर बोलत नाही ती. हप्ता हप्ता नाही बोलत. चूक दिसली की बोलते."

वरचा पंख. चाक. टाकी. मला बसायचं होतं, आणि त्या घरात बसायला जागा नाही.

मग मला राग आला, पहिल्यापेक्षा जास्त. "हे आधी सांगायला काय झालं होतं? दोन वर्षं मी तुम्हाला बोल लावतेय."

"सांगितलं असतं तर सगळा तात्यापारा आला असता. काकू हे आठवते का, काकू ते आठवते का. तिले परीक्षा वाटते मग, गप होते. आणि चूक खरी वाटली पाहिजे. उगाच केलेली ती ओळखते." त्यांनी मुलीच्या पट्ट्याला हात लावला. "पण आता चुका संपल्या, शुभाताई. ह्या विमानात बसतील तेवढ्या करून झाल्या. ही शेवटची. तुम्ही शब्द दिलाय, घेऊन जा. दोन मिनिटांत हिले मागं बसवतो."

दारात रिक्षावाल्याने भोंगा वाजवला.

"चुका संपल्या म्हणजे काय?" मी म्हणाले. "नियोजन नाही तुम्हाला. प्रत्येक चुकीला कापड कशाला फाडता? विसरतात ना काकू? मग तीच चूक महिन्याने पुन्हा करता येते. सरांची मिशी काढा. तारा ढिल्या सोडा. बक्कल उलटं लावा. आणा तो कागद इकडे." मी त्यांना फुकटातल्या चुकांची यादी करून दिली, कुठल्या आठवड्यात कुठली ते धरून. काकांनी ती भिंगातून वाचली आणि म्हणाले, "तुमचं अक्षर मात्र एकास आठ केल्यावर वाचता येणार नाही." रजई उचलून मी रिक्षात बसले.

संध्याकाळच्या सभेत मी सांगितलं, विमान अपूर्ण आहे. अध्यक्ष म्हणाले, "दोन वर्षांत एक खेळणं होत नाही त्या माणसाच्यानं. तुम्ही तर हो म्हणाला होता, ताई." मी म्हणाले, "स्केल म्हणजे स्केल." काचेच्या पेटीत यंदा लोकरीचा ताजमहाल बसला. मंत्री आलेच नाहीत.

मंडळाच्या कामांच्या यादीत मी काही मागे ठेवत नाही. प्रदर्शन झालं, तंबू परत गेला, तंबोऱ्याला नव्या तारा आल्या. एकच ओळ दर सभेला पुढच्या पानावर उतरवते आहे, आणि अध्यक्षांनी विचारलं की रागानेच वाचून दाखवते: पिंपळापुरे यांचं विमान, विद्यार्थिनीस मागील सीटवर बसवणे. बाकी.