हिरवळीस शेण मंजूर, गाय नामंजूर

सुरतमधल्या बमरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या मधोमध एक हिरवळ आहे. तिच्यावर पाय ठेवायला मनाई आहे, आणि ही मनाई मीच, सेक्रेटरी या नात्याने, पाटीवर लिहून घेतली आहे. प्लेग येऊन गेल्यापासून शहर स्वच्छतेच्या मागे हात धुऊन लागलं होतं. त्यातच एका मंडळाने सोसायट्यांची स्पर्धा जाहीर केली : रासायनिक खत न घालता, पर्यावरणाला जपून वाढवलेली उत्तम हिरवळ.

आम्ही तर आयते तयार होतो. भिंतीमागच्या पत्र्याच्या खोलीत धुळ्याकडची सुंदरा राहते. तिची ढवळी गाय. नवरा गेल्यावर त्या गाईच्या दुधावरच बाईची चूल पेटत होती. शेण ती आमच्या हिरवळीला फुकट देई, आणि गवत असं माजलं होतं की बघत राहावं.

अडचण एकच होती. चेअरमन गजेंद्रभाऊंनी ती सभेत मांडली. "परीक्षक येणार आणि दारात गाय? स्वच्छतेचं काय?" ठराव एकमताने झाला : शेण आवश्यक, गाय अस्वच्छ, सबब शेण ठेवावे, गाय हलवावी.

सुंदराला ठराव मी स्वतः वाचून दाखवला. ती म्हणाली, "भाऊ, तुमले शेण जोयजे, नि गाय नको?"

"तात्पुरतं आहे गं," गजेंद्रभाऊ म्हणाले. "बक्षीस मिळालं की गाय परत. माझा शब्द."

ढवळी इच्छापोरला सुंदराच्या भावाकडे गेली. मग शेणही तिथूनच आणणं आलं. डिझेलचा टेम्पो काळा धूर ओकत शहर ओलांडून पर्यावरणपूरक खत आणू लागला. शेणाचा वास गाडीतून उतरताना जास्त येतो असं लक्षात आल्यावर ते प्लास्टिकच्या गोण्यांत बांधून आणायचं ठरलं.

मध्येच वसुबारस आली. बायका ताट घेऊन खाली उतरल्या, तर गाय नाही! सण काय चुकवायचा? एका गोणीला हळदकुंकू वाहिलं. शेजारी छोटी पिशवी ठेवली, वासरू म्हणून. माझ्या बायकोने तर गोणीपुढे बाजरीची भाकरीही ठेवली. भिंतीआडून सुंदरा बघत होती. तिला प्रसाद दिला.

गोण्यांत कोंडलेल्या शेणावर माश्या झाल्या. माशी दिसली की आम्ही दारं-खिडक्या लावून घेतो. प्लेग काही आम्ही विसरलेलो नाही. औषध मारलं. माश्या हटेनात म्हणून दुप्पट मारलं. माश्या गेल्या आणि गांडुळं वर येऊन मरून पडली. गांडुळांचा विषय सभेपुढे नव्हता, म्हणून त्यावर चर्चा झाली नाही. आठवड्यात हिरवळ पिवळी पडली.

परीक्षक उद्यावर आलेले! पण हे सुरत आहे. दुसऱ्या मजल्यावरचा प्रवीण रंगाईच्या मिलमध्ये कामाला. त्याने पिंपभर रंग आणला. शेड कोणता, यावर मात्र सभा तापली. पोपटी भडक दिसेल, मेंदी मळकट दिसेल. शेवटी गजेंद्रभाऊंच्या बायकोच्या साडीचा पदर धरून शेड जुळवला आणि फवारा मारला. "पक्का रंग आहे," प्रवीण म्हणाला. "धुतला तरी जाणार नाही."

परीक्षक मगनभाई आले, बघून खूश झाले. मग इकडेतिकडे बघत म्हणाले, "पण गाय क्यां छे? फोटो गाईसोबत पाहिजे. छापायचाय."

टेम्पो पुन्हा इच्छापोरला पळाला. ढवळी उतरली तेव्हा सुंदरा तिच्या गळ्यात पडून रडली. एवढं कौतुक गाईचं! आम्हीही टाळ्या वाजवल्या. गाईला हिरवळीवर उभं केलं. तिने मान खाली घालून दोनदा जीभ फिरवली आणि मान वर केली. पांढरं तोंड हिरवंगार.

सुंदराने दावं ओढलं. गजेंद्रभाऊ दातओठ खात पुटपुटले, "गप्प ऱ्हाय. गाय परत पाहिजे ना?"

बाईने गाईकडे बघितलं, मग आमच्याकडे. आणि ओरडली, "हाई गवत नही शे, साहेब!"

"काय म्हणते?" मगनभाईंनी विचारलं.

"म्हणते, असं गवत जन्मात पाहिलं नाही," गजेंद्रभाऊंनी भाषांतर केलं. ते अगदीच खोटं नव्हतं. फोटो निघाला.

सुंदरा तिथेच पदराने गाईचं तोंड पुसत बसली. रंग पदराला लागला, तोंडाचा गेला नाही. मग ती गाय घेऊन पायीच इच्छापोरच्या रस्त्याला लागली, ती परत आली नाही. खोलीत आता बक्षिसाची ढाल ठेवतो.

फोटो छापून आला. हिरव्या तोंडाची गाय बघून लोक म्हणाले, पोटभर चरते हो! तुम्हीही तो बघितला असेल, आणि आपल्याकडेही असं काही करायला हवं, असं तुमच्या मनात आलंच असेल. अवश्य करा. अर्धं पिंप शिल्लक आहे. शेड तेवढा कळवा. गाय तुमची तुम्ही बघा.