भोंग्याची नसबंदी

सोमवारी सकाळी दहाची गाडी पुकारताना बसस्थानकाच्या उद्घोषकाला स्वतःचा आवाज ऐकू आला आणि तो अर्ध्यातच थांबला. आवाज बारीक होता. नुसता बारीक नव्हे, चिरका. एखाद्या चिडलेल्या काकूंनी पोरांना जेवायला हाक मारावी तसा.

या माणसाला सगळे 'भोंगा' म्हणत. त्याने "फलाट क्रमांक तीन" म्हटलं की कँटीनमधले ड्रायव्हर अर्धा कप चहा टाकून उठत आणि तीन नंबरवर झोपलेले प्रवासी ताडकन उभे राहत. तेरा वर्षं तो या आवाजावर पोट भरत होता. आणि आता हे!

कारण त्याला ठाऊक होतं. सात महिन्यांपूर्वी, दोन मुलींनंतर, नवरा-बायकोने विचार करून त्याची नसबंदी उरकली होती. ऑफिसात त्याने सांगितलं होतं, दाढ काढली. दाढ काढलेला माणूस चार दिवस पाय फाकवून का चालतो, हे कुणी विचारलं नाही हे नशीब. सगळं सुरळीत होतं. पण गेल्या आठवड्यात चहा पिताना गॅरेजमधला फिटर सहज बोलून गेला, "माझ्या मेव्हण्याच्या मित्रानं केलंय ते ऑपरेशन. आता त्याच्या घरी फोन लावला की लोक विचारतात, वहिनी, साहेब आहेत का?"

तेव्हापासून भोंग्याची झोप उडाली. कंगव्यात केस दिसले, ऑपरेशन! पँट घट्ट झाली, ऑपरेशन! चष्मा सापडेना, ऑपरेशनच!

"अहो, केस तुमचे लग्नाआधीपासून गळतायत," बायको म्हणाली. "लग्नाचा फोटो बघा. आणि चष्मा कपाळावर आहे."

पण आवाजाचं काय? भोंग्याने डॉक्टरांना फोन लावला. एरवी घोषणा संपली की त्याचा डावा हात आपोआप माइकच्या स्विचवर जायचा. आज डाव्या हातात फोन होता.

"डॉक्टर, मी बोलतोय! सात महिन्यांपूर्वी नसबंदी केलेला!"

बाहेर सहाही फलाटांवर माणसं थबकली.

"कोणता म्हणजे? अहो तोच, सुई बघून बेशुद्ध पडलेला!"

एका कंडक्टरच्या हातातून तिकिटांचं यंत्र निसटलं.

"डॉक्टर, माझा आवाज बायकी झालाय! खरं सांगा, पुढे आणखी काय काय होणार? दाढी राहील ना? आणि ते... रात्रीचं ते... नाही, तिकडे तक्रार नाही. तिकडे उत्तम आहे. हो, हो, आठवड्यातून दोनदा!"

फलाट चारवर कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. या शस्त्रक्रियेत फक्त बीज वाहून नेणारी नळी बंद होते. दाढी, आवाज आणि जोम ज्याच्यावर चालतो तो रस थेट रक्तात जातो, त्याला कुणी हात लावलेला नाही. मोजक्या लोकांना तिथे बरेच दिवस दुखत राहतं. तसं काही असलं तर लगेच या, नसलं तर माझा वेळ खाऊ नका.

"दुखत नाही हो, अजिबात नाही! पण मग माझा आवाज..."

तेवढ्यात दार धाडकन उघडून वायरमन आत शिरला आणि त्याने झडप घालून स्विच बंद केला.

"साहेब! सगळं बाहेर ऐकू येतंय!"

"कधीपासून?"

"सुई बघून बेशुद्ध पडलात त्याच्याही आधीपासून," वायरमन म्हणाला. मग जरा ओशाळून त्याने भर घातली, "आणि आवाजाचं म्हणाल तर तो तुमचा नाही, कर्ण्यांचा दोष आहे. आजच नवे बसवलेत. सगळंच चिरकं येतंय त्यातनं."

भोंग्याला हायसं वाटणार, तोच त्याची नजर काचेबाहेर गेली आणि त्याचं धाबं दणाणलं. दहाची गाडी लागली होती. त्या गाडीने त्याची आई यायची होती. दर खेपेला चपला काढायच्या आधी "तिसऱ्याचं काय?" असं विचारणारी आई! तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. आणि ती हातात पिशवी घेऊन, गर्दीतून वाट काढत, थेट केबिनकडे येत होती. वायरमनने काढता पाय घेतला.

आई आत आली. पिशवी टेबलावर ठेवून खुर्चीत बसली आणि पदराने तोंड पुसू लागली.

"आई, मी तुला सांगणारच होतो..."

"सुई बघून बेशुद्ध पडलास?" आई म्हणाली. "अगदी बापावर गेलायस."

"बाबा? बाबा कशाला बेशुद्ध पडले?"

"तू तीन वर्षांचा होतास तेव्हा. हेच केलं होतं त्यांनी. तुला धाकटं भावंड का नाही, असं तुला कधी वाटलं नाही?"

भोंगा मटकन स्टुलावर बसला. "मग तू दर वेळी मला तिसऱ्याचं का विचारतेस?"

"आता सासूनं येऊन काहीतरी विचारायला नको? नुसतं बसून काय बोलायचं? सूनबाईनं नाही म्हटलं की मला बरं वाटायचं. म्हातारपणी पोरं सांभाळायचं त्राण आहे कुठे माझ्यात?"

"आणि बाबांना त्यानंतर काही त्रास? इतक्या वर्षांत?"

"त्यांनाच विचार," म्हणत आईने आपल्या फोनवरून घरी फोन लावला आणि एका दमात सगळी हकीकत सांगून फोन त्याच्या हातात दिला.

 पलीकडून त्रेसष्ट वर्षांचे बाबा कडाडले, "तिला कुणी बोलायला सांगितलं होतं? छत्तीस वर्षं मी लोकांना हर्निया सांगतोय, हर्निया!"

भोंग्याने फोन हातभर लांब धरला. माइक बंद होता, दार बंद होतं, तरीही तीन नंबरवर झोपलेले दोन प्रवासी दचकून उठले आणि सामान उचलून गाडीकडे पळाले.