निळ्या शेपटीचे घराणे

उत्तम प्रजा योगायोगाने निपजत नाही. तिच्यासाठी काटेकोर निवड, कडक देखरेख आणि बाहेरच्यांना मज्जाव या तीन गोष्टी लागतात, हे तत्त्व सर्व सुसंस्कृत समाजांनी केव्हाच मान्य केले आहे. कोथरूडच्या हिंमतरावांनी ते गप्पी माशांना लागू केले, एवढेच.

हिंमतरावांची हयात सरकारी खात्याच्या आस्थापना शाखेत, लोकांच्या नेमणुका आणि बदल्या करण्यात गेली होती. निवृत्तीनंतर हाताखाली कोणी उरले नाही (पत्नी नंदाताई हाताखाली कधीच नव्हत्या), तेव्हा त्यांनी गॅलरीत काचेच्या टाक्या मांडल्या आणि निळ्या शेपटीच्या गप्पींचे निर्भेळ घराणे घडवायला घेतले. उद्दिष्ट दुहेरी होते: आरोग्य आणि सौंदर्य. पैकी सौंदर्य पाहुण्यांना दिसत असल्यामुळे त्याला अग्रक्रम देण्यात आला.

व्यवस्था चोख होती. पिल्ले महिन्याची व्हायच्या आत मुलगे एका टाकीत, मुली दुसऱ्या टाकीत. कारण गप्पीच्या मादीची एकदा एखाद्या नराशी गाठ पडली, की ती पुढे कित्येक महिने त्याचीच पिल्ले देत राहते. म्हणजे क्षणभर डोळा लागला तरी घराण्याची अब्रू गेली. मुलींच्या टाकीवर जाळी होती आणि जाळीवर वीट होती. नंदाताई त्या टाकीला लेडीज होस्टेल म्हणत आणि यजमानांना रेक्टर.

विवाहयोग्य नराचे निकष असे: शेपटी पंख्यासारखी, रंग टोकापर्यंत निळा, अंगावर ठिपका नाही, आजोबा-पणजोबा याच गॅलरीतले. पाठीचा कणा सरळ असावा हा निकषही होता, पण शेवटी. नापास झालेले नर शेजाऱ्यांना वाढदिवसाची भेट म्हणून जात. (त्या वर्षी सोसायटीत वाढदिवस साजरे होण्याचे प्रमाण चाळीस टक्क्यांनी घटले.)

हिंमतरावांना आणखी एक सवय होती. कुरिअरवाला असो, दातांचा डॉक्टर असो, ते आधी विचारत, ‘‘पूर्ण नाव?’’ उत्तर मिळाले की ‘‘हं’’ म्हणत. या एका ‘हं’मध्ये माणूस कुठे बसवायचा, चहा द्यायचा की पाणी, कप कोणता, हे सगळे ठरून जाई.

एका रविवारी त्यांची मुलगी मैत्री, हिंजवडीला नोकरी करणारी, एका मुलाला घरी घेऊन आली. नाव समाधान. तो तिच्याच ऑफिसात होता, आणि दोघांनी लग्न करायचे ठरवले होते. हिंमतरावांनी विचारले, ‘‘पूर्ण नाव?’’

समाधानने सांगितले.

‘‘हं,’’ हिंमतराव म्हणाले.

चहा आला, बिस्किटे आली नाहीत. पाहुणा गेल्यावर प्रकरण विचाराधीन असल्याचे मैत्रीला कळवण्यात आले. सरकारी नोकराच्या मुलीला या शब्दाचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. ती आत जाऊन रडली, आणि नंदाताई त्या दिवशी यजमानांशी फक्त भाजीत मीठ कमी आहे का, एवढेच बोलल्या.

इकडे घराण्यात मात्र विपरीत घडू लागले. सगळे संबंध घरातल्या घरात होत असल्यामुळे शेपट्या दिवसेंदिवस अप्रतिम निळ्या होत गेल्या आणि मासे दिवसेंदिवस वाकडे. कोणाला कुबड, कोणी तिरपा पोहे, कोणी शेपटीच्या भाराने तळाशीच बसून राही. पिल्ले कमी होऊ लागली. ज्या नरावर बिबवेवाडीच्या शोभिवंत माशांच्या स्पर्धेची सारी मदार होती, तो एके सकाळी पोट वर करून तरंगताना दिसला. हिंमतरावांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आले.

ते बुधवार पेठेत मासेवाल्या पोपटशेठकडे गेले. पोपटशेठ फोटो बघून म्हणाला, ‘‘साहेब, बाहेरचा एक धडधाकट नर आणा. नाहीतर बंद करा दुकान.’’

हिंमतरावांनी मन घट्ट केले. सोसायटीच्या बंद कारंज्यात डासांच्या अळ्या खाण्यासाठी महापालिकेने सोडलेले गप्पी होते. त्यांतला एक, अंगाने मळकट, शेपटी तोकडी, पण जाळी टाकली की हुलकावणी देणारा, असा त्यांनी घामाघूम होऊन पकडला. त्याला पूर्ण नाव विचारण्यात आले नाही. वीट उचलली, जाळी काढली आणि त्याची थेट लेडीज होस्टेलमध्ये नेमणूक करण्यात आली. (परिविक्षा कालावधीही माफ.)

पुढच्या पिढ्यांनी गॅलरी दणाणून सोडली. निळे ते निळेच, वर सोनेरी ठिपके. कणा सरळ, आणि चिमूटभर खाद्य टाकले की पाण्याला उकळी फुटे. बिबवेवाडीत एका मंगल कार्यालयात स्पर्धा झाली. परीक्षक वधूवरांच्या कोचावर बसले होते. त्यांनी पहिले बक्षीस दिले आणि घराण्याचे रहस्य विचारले. हिंमतराव माइकवरून म्हणाले, ‘‘बाहेरचं रक्त आलं पाहिजे. आपापल्यातच करत बसलं की जात खंगते.’’ टाळ्या झाल्या.

टाळ्या वाजवणाऱ्यांत मैत्री होती. घरी परतताना रिक्षात ती म्हणाली, ‘‘बाबा, मग समाधानचं काय?’’

‘‘ते वेगळं. माशांना समाज नसतो.’’

‘‘म्हणून तर सुखात आहेत,’’ नंदाताई म्हणाल्या आणि बक्षिसाचा चषक पायाशी ठेवला.

मैत्रीने आणखी वाद घातला नाही. तिने विवाह नोंदणीची तारीख घेतली आणि आईवडिलांना सांगितली. त्या दिवशी नंदाताई सकाळीच पैठणी नेसून तयार होत्या. हिंमतराव बराच वेळ गॅलरीत उभे होते. कारंज्यातला तो नर आता थकला होता, पण आपल्या नातवंडांत मजेत फिरत होता. हिंमतरावांनी त्याला जरा जास्तच खाद्य घातले, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि खाली येऊन रिक्षा बोलावली.

आता कोणी विचारले, ‘‘जावई कसे आहेत?’’ तर ते परीक्षकाच्या गांभीर्याने सांगतात, ‘‘कणा सरळ आहे.’’ समाधानला बिस्किटे मिळतात, तीही क्रीमची.

समाधानचे आडनाव वर कुठेही दिलेले नाही, हिंमतरावांचेही नाही. कथेला त्याची गरज पडली नाही. तरीही मघापासून ज्या वाचकांची नजर ते शोधत होती, त्यांच्यासाठी हिंमतरावांच्या गॅलरीत एक टाकी रिकामी आहे. पाणी शुद्ध आहे, वर जाळी आहे, जाळीवर वीट आहे. बाहेरचे कोणी येत नाही.