‘कातळ’ची कॅसेट

आमच्या पोलादपुरात सकाळी सहाला शेजारचा दिगू उतेकर परसात उभा राहून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायचा. मग पोटातून अशी डरकाळी फोडायचा, की आमच्याकडे नवा पाहुणा आला की तो आधी दाराची कडी बघायचा. दिगूच्या मते ते गाणं होतं. हेवी मेटल.

एरवी माणूस अगदी गरीब. गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होता. सुई टोचण्याआधी म्हशीला सांगायचा, “जरा दुखंल हां, बाय.”

तो आणि त्याचे तीन दोस्त, अशा चौघांनी मिळून ‘कातळ’ नावाचा बँड काढला होता. गायचा दिगू. गणपतीत एकदाच वाजवायला मिळालं. दुसऱ्याच गाण्याला मंडळाच्या अध्यक्षांनी स्वतः वायर उपटली. तरी दिगूनं ठरवलं, कॅसेट काढायची. मुंबईच्या एका कंपनीत गेला. तिथले साहेब म्हणाले, “एखादं कोळीगीत घाला, मग बघू.”

“नाय,” दिगू म्हणाला. “मेटल हाय, मेटलच राहील. आमची आम्ही काढू.”

पण वर्षभरात ‘आम्ही’ पांगले. गिटारवाला संज्या दुबईला गेला, बेसवाला अन्या सुरतेला, आणि ड्रमवाला बाळ्या माणगावात सासऱ्यांच्या दुकानात बसला.

“आता कसली कॅसेट, दिगू?” मी म्हटलं.

“निघंल, सर. ठरलंय ना.”

दोन वर्षं तो एकेक वाद्य शिकला. ड्रमचा ताल पक्का करायला तपासणीला आलेल्या म्हशींच्या पाठी वापरायचा. त्यावरून डॉक्टरांची बोलणी खाल्ली. मग एकाच टेपवर एकावर एक चार आवाज चढवता येतील असं जुनं मशीन आणलं आणि बंद पडलेल्या भातगिरणीत रेकॉर्डिंग मांडलं. बाहेर महाबळेश्वरच्या एस.टी.नं हॉर्न दिला की पुन्हा पहिल्यापासून.

मी शाळेत चित्रकला शिकवायचो, म्हणून कव्हर माझ्याकडे आलं. आंबेनळी घाटातला काळा कडा काढला. खाली त्यानं चार नावं लिहायला सांगितली.

“सगळं तर तूच वाजवलंस!”

“बँड हाय, सर. एकाचा बँड असतो काय?”

मुंबईहून कॅसेटी तयार करून तो वीर स्टेशनला उतरला आणि खोकी घेऊन थेट माझ्या घरी आला. त्यानं माझ्या टेपमध्ये पहिली कॅसेट घातली. पहिल्या डरकाळीला आमच्या हिनं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. मी नेटानं बसून राहिलो.

गाणं मध्येच थांबलं. टेपमधून दिगूचा हलका आवाज आला, “संज्या, घे.” आणि गिटार सुटली. थोड्या वेळानं, “बाळ्या, ये रे.” ड्रम कोसळले.

गाणं संपल्यावर मी म्हटलं, “दिगू, ते मधलं बोलणं पुसायचं राहिलं वाटतं.”

त्यानं टेपवरची नजर हलवली नाही.

“राहिलं नाय, सर. नायतर त्यांना कसं कळंल, कधी सुरू करायचं ते?”