शेंडी सोडून दाखवा

परीक्षेच्या दिवशी आमच्या शाळेच्या दारात मुलं रांगेनं उभी राहत आणि सेतुमाधवरावांपुढे आली की मुकाट्यानं शेंडी सोडत. सेतुमाधवराव ती सुटी शेंडी दोन बोटांनी विंचरून बघत आणि विचारत, "भूगोल आहे कीं आंत?" मी कुंभकोणमच्या त्या शाळेत गणित शिकवायला नवा आलो तेव्हा हा देखावा पाहिला आणि मला वाटलं, हा माणूस उवा काढतोय.

उवा नव्हे, कागदाच्या सुरळ्या. शेंडीच्या गाठीत उत्तरं दडवता येतात असा त्यांचा सिद्धान्त होता. माझ्या देखत एकही सुरळी निघाली नाही, पण त्यानं त्यांचा संशय कमी न होता बळावला. "सांपडत नाहीं म्हणजे पोरें शहाणीं झालीं," ते म्हणत.

शेंडीनंतर पुड्या. आमच्या गावात पावलागणिक देऊळ, तेव्हा परीक्षेला येणारं प्रत्येक पोर देवाला जाऊन यायचंच. कुणाच्या कनवटीला विभूतीची पुडी, कुणाच्या अंगाऱ्याची. सेतुमाधवराव प्रत्येक पुडी उघडत, राख तळहातावर ओतत, कागद उन्हात धरत, वास घेत आणि पुन्हा बांधून देत. रांग संपेतो त्यांचे हात मनगटापर्यंत राखेनं माखलेले असत. देवावर त्यांची श्रद्धा होती. देवाच्या नावानं काय आत जातं, यावर नव्हती.

आमची शाळा कॉलेजला जोडलेली, एकाच आवारात. कॉलेजवर साहेब, शाळेवर एक करडे अय्यंगार हेडमास्तर, आणि दोघांच्या मधे सेतुमाधवराव. मॅट्रिकला बसायचं तर हजेरी पुरती हवी, शाळेची चाचणी पास हवी आणि वर्तणूक चांगली हवी. या तिन्हींवर सेतुमाधवरावांनी मान डोलावल्याखेरीज मुलाचा अर्ज वर जात नसे, आणि ती मान सहसा आडवीच हलायची.

शिकवायचे इतिहास. इतिहासातल्या एकाही राजावर त्यांचा विश्वास नव्हता. राजानं तळं बांधलं असं मुलानं वाचलं की ते थांबवत. "काय म्हणून?" हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न. महामहम तळ्याजवळ एका घराच्या मागल्या खोलीत एकटेच राहत. दूधवाल्यानं दारात गाय आणायची, भांडं उपडं करून दाखवायचं, मगच धार काढायची. हे तर आमच्या सगळ्याच गल्लीत चालायचं म्हणा, पण सेतुमाधवराव दूधवाल्याला बाह्याही वर करायला लावत!

मात्र त्यांचं खरं वैर होतं ते आज्यांशी. हजेरी बुडाली की मुलं आजीला आजारी पाडत. अशी सबब आली की सेतुमाधवराव संध्याकाळी उपरणं टाकून त्या घरी समाचाराला हजर! कितीतरी घरांत त्या मरणासन्न पाट्टीनंच, म्हणजे आजीनंच, त्यांना कॉफी करून दिली होती. ती ते पीत, छान झाली म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी नातवाला बाकावर उभा करत.

त्या साली नरहरीची गोष्ट झाली. हा नदीपलीकडल्या साक्कोट्टैचा, तमिळ मुलखात पिढ्या काढलेल्या आमच्याच मराठी मंडळींपैकी. आईबाप नव्हते, आजीनं वाढवलेला. मॅट्रिक झाला तर तंजावरच्या कचेरीत चिकटायचं ठरलं होतं. नाही झाला तर आजीसकट मामाच्या दारी जायचं, आणि मामी कशी आहे हे गावाला ठाऊक होतं. चाचणीत पोरगा पास झाला, पण हजेरी काठावर, आणि नेमका तेव्हाच तो शाळेत यायचा थांबला. सेतुमाधवरावांनी निरोप धाडून बोलावून घेतला. मी शेजारीच होतो.

"पाट्टी पडली, सार. उठवत नाहीं तिला."

"पडली? काय म्हणून?"

"अंगण ओलें होतें, सार."

"कोण ओलें केलें?"

नरहरी रडायच्या बेतात आला. "सडा घालतात कीं, सार."

"शरि, बरें. मी येऊन पाहतों."

अरसलार नदी ओलांडून ते साक्कोट्टैला गेले. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, खरंच आजारी आहे का हो म्हातारी?

"दिसते," ते म्हणाले. "पण मी गेलों म्हणून दिसते. मी नसतां काय करते तें कोण पाहिलें?"

त्याच्या पुढल्या दिवशी चमत्कार झाला. नरहरी वर्गात हजर आणि सेतुमाधवराव गैरहजर. शिपाई निरोप घेऊन आला, "सारांच्या पाट्टीस बरें नाहीं."

हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला. सेतुमाधवरावांचे कल्ले पांढरे झालेले. त्यांची आजी असली तर तिनं दोन राज्यं पाहिलेली असायला हवी होती. दुसऱ्या दिवशी तोच निरोप, तिसऱ्या दिवशीही तोच. मग आमच्या मास्तरांच्या खोलीत संशयाला ऊत आला. कुणी म्हणालं, दुसरी शाळा गाठली. कुणी म्हणालं, नरहरीला घरी चोरून शिकवतात. ड्रॉइंगच्या मास्तरांनी डोळा मिचकावून तिसरंच काही सुचवलं. इतकी वर्षं त्यांनी संशय घेतला, आता सगळ्यांनी मिळून हात धुऊन घेतले. शेवटी हेडमास्तर मला म्हणाले, "तुमच्या भाषेचा माणूस आहे. जाऊन बघून या."

म्हणजे मी तपासणीला निघालो!

साक्कोट्टैच्या त्या घरात शिरलो तर सेतुमाधवराव डोक्याला उपरणं गुंडाळून जमिनीवर बसलेले, हातात ताडपंखा. चटईवर म्हातारी.

"हा कोण?" तिनं विचारलं.

"शाळेंतला."

"हाही तपासायास आला?"

सेतुमाधवराव माझ्यावर खेकसले. "काय पाहतां? त्या पोरावर माझा विश्वास नाहीं. म्हणतो, पाट्टीस सोडून येववत नाहीं. मी म्हटलों, बरें, मी बसतों हिच्यापाशीं, तूं जा वर्गांत. पाहूं, मग काय सबब सांगतोस."

"सेतू," म्हातारीनं हाक मारली, "कंजी खाल्लास कीं?"

"खाल्लों."

"खोटें. भांडें दाखव."

आणि सेतुमाधवरावांनी कोपऱ्यातलं पेजेचं भांडं आणून तिच्यापुढे उपडं केलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे सुख मी तेव्हा पाहिलं ते शाळेत कधी पाहिलं नव्हतं. अख्ख्या कुंभकोणमात त्यांना राव न लावता हाक मारणारं माणूस उरलं नव्हतं. ओट्यापर्यंत मला पोचवायला आले तेव्हा म्हणाले, "माझी आई माझ्या जन्मतांच गेली. पाट्टी तर मी पाहिलोंच नाहीं. जेवलास कीं नाहीं, हें कोणी तपासलें नाहीं मला." मी नमस्कार केला आणि निघालो.

हेडमास्तरांनी विचारलं, "आजी आहे?"

"आहे," मी म्हणालो. "पाहून आलो."

नरहरीची हजेरी भरली. सेतुमाधवरावांनी उभी मान हलवली आणि पोराचा अर्ज वर गेला. म्हातारीही हळूहळू भिंत धरून चालायला लागली.

परीक्षेच्या सकाळी मी दाराशीच उभा होतो. नरहरी पुढे आला. मला वाटलं, याला तरी सोडतील.

"शेंडी सोड."

त्यानं सोडली. त्यांनी विंचरून पाहिली, जरा जास्तच वेळ. मग कनवटीकडे बोट केलं. नरहरीनं दोन पुड्या काढल्या.

"दोन? काय म्हणून?"

"अंगारा आहे, सार. पाट्टी दिली. एक मजला, एक तुमांस."

सेतुमाधवरावांनी पहिली पुडी उघडली, राख तळहातावर घेतली, कागद उन्हात धरला, वास घेतला आणि बांधून त्याला परत दिली. मग दुसरी हातात घेतली. तिची गाठ थोडा वेळ अंगठ्यानं चाचपली.

"पुढचा," ते ओरडले, आणि ती पुडी तशीच आपल्या कनवटीला खोचली.

इतकी वर्षं मी त्या दारात उभा राहिलो. न उघडता आत गेलेली पुडी तेवढी एकच.