नाना घोटवडेकर आणि अर्ध्यावर अडकलेला काटा

नाना घोटवडेकरांना 'नमस्कार' म्हटले तर ते उलट 'नमस्कार' म्हणतात. त्यापुढे आपण काहीही म्हटले, की ते म्हणतात, "लिहून द्या."

यात रागाचा भाग नसतो. शर्टाच्या खिशातून तळहाताएवढी वही निघते, तिला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल निघते आणि दोन्ही आपल्यापुढे येतात. दूधवाल्याने "उद्या येणार नाही" असे दारात सांगितले, तर त्याला ते लिहून द्यावे लागते. सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यात "उद्या पाणी उशिरा येईल" म्हटले, तर त्यांनाही. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आम्ही पतिपत्नी नानांकडे गेलो होतो. निघताना पत्नी म्हणाली, "नाना, आदल्या दिवशी सीमांतपूजनालाही यायचं हं."

नानांनी वही पुढे केली.

"अहो, पत्रिका दिलीये ना हातात!"

"पत्रिकेत काय असेल ते मी वाचीन. आत्ता बोललात ते लिहून द्या."

पत्नीने लिहून दिले. सीमांतपूजनाच्या दिवशी नाना वेळेवर आले आणि कार्यालयाच्या दारात उभ्या असलेल्या माझ्या मेहुण्याला त्यांनी तो कागद काढून दाखवला.

याचे कारण सर्वांना ठाऊक होते. नाना पस्तीस वर्षे पाणी उपसणाऱ्या पंपिंग स्टेशनवर नोकरीला होते. तासातासाला टाकीतली पातळी पाहायची आणि रजिस्टरात मांडायची, हे त्यांचे काम. "पंपाच्या घरघरीत तोंडी बोलण्याला किंमत नसते, सबनीस," असे ते मला सांगत. तेव्हा ही नोकरीची सवय आहे, असे आम्ही ठरवून टाकले होते. मी मात्र ती थोडी मनाला लावून घेत असे. माझा आवाज मुळातच लहान. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात अठ्ठावीस वर्षे काढल्यावर तो आणखी लहान झाला. इतरांना नाना निदान एक वाक्य पुरे करू देत. मला पहिल्या शब्दालाच वही दाखवीत. छप्पन्नाव्या वर्षी माणसाने असल्या गोष्टी मनात साठवू नयेत. मी साठवल्या, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, कारण पुढे मी जे केले त्यात त्या साठ्याचाही वाटा होता.

नानांची जुनी मोटरसायकल सव्वीस वर्षे चालली. तिला पेट्रोलचा काटा नव्हता आणि नानांना त्याची गरजही नव्हती. सकाळी पार्किंगमध्ये येऊन ते गाडी दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे हलवीत, टाकीला कान लावीत आणि आकडा जाहीर करीत. "सव्वा लिटर. खडकवासल्याला जाऊन परत. वाटेत कणीस खायला थांबायचं नाही." हा आकडा कधी चुकल्याचे कोणाला आठवत नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने, अजितने, ती गाडी मोडीत काढून नवी घेऊन दिली. तिला काटा होता आणि तो बिघडलेला होता. टाकीत पेट्रोलवर तरंगणारा एक फुगा, म्हणजे फ्लोट, असतो. पेट्रोल उतरले की तो उतरतो आणि त्याच्याबरोबर काटा खाली येतो. नानांच्या गाडीतला फुगा उतरता उतरता मध्येच अडकत असे. मग टाकी कोरडी पडली तरी काटा अर्ध्यावरच. गाडी सर्व्हिस सेंटरच्या दारात शिरली, की मात्र फुगा सुटे आणि काटा शहाण्यासारखा वागू लागे. प्रत्येक वेळी जॉब कार्डवर एकच शेरा येई: "तपासले. दोष आढळला नाही."

नाना नवी गाडीही हलवीत, पण आता ते आकडा जाहीर करीत नसत. टाकीचे झाकण उघडून एक लाकडी फूटपट्टी आत बुडवीत, ओली रेघ कुठवर आली ते पाहत आणि नोकरीतल्यासारख्याच एका रजिस्टरात लिहीत: काटा काय म्हणतो, पट्टी काय म्हणते. "अहो नाना, कान कुठे गेला तुमचा?" असे मी एकदा थट्टेने विचारले. त्यांनी वही पुढे केली. मी लिहिले नाही.

तरीही गाडी दोनदा रस्त्यात बंद पडली आणि दोन्ही वेळा अजितला कचेरी सोडून जावे लागले. दुसऱ्या वेळी तो चिडून म्हणाला, "पुन्हा असा मेसेज आला ना नाना, तर गाडी विकून टाकीन."

"लिहून दे."

अजितही त्यांचाच मुलगा. त्याने लिहून दिले, खाली सही केली. नानांनी तो कागद रजिस्टरच्या पहिल्या पानावर चिकटवला.

वॉरंटी संपायला पाच दिवस उरले असताना, एका शनिवारी सकाळी, नाना माझ्या दारात उभे राहिले. "सबनीस, चला. साक्षीदार हवा. तुमचा चेहरा खरं बोलणाऱ्याचा आहे."

येरवड्याच्या पुढच्या त्या सर्व्हिस सेंटरमध्ये गर्दी होती. मेकॅनिकने टाकी रिकामी करून पाहिली. सुपरवायझर तिशीचा, हसतमुख.

"काका, फ्लोट एकदम ओके आहे. प्रॉब्लेमच नाहीये काही."

"लिहून द्या."

"तेच तर देतो दर वेळेला!"

"ते नको. अडकतो, असं लिहून द्या."

"पण अडकत नाहीये ना!"

"आत्ता अडकत नाही. अडकतो तेव्हा अडकतो. लिहून द्या."

बाकड्यावरचे लोक हसले. एक जण म्हणाला, "द्या की ओ लिहून, आम्ही पण रांगेत आहोत." नाना रजिस्टर उघडून गाडीपाशी गेले आणि मांडीवर धरून आकडे शोधू लागले. सुपरवायझर माझ्याकडे वळला. "सर, तुम्ही समजूतदार दिसता. थोडं इकडेतिकडे चालतंच ना काट्याचं?"

लोक आता माझ्याकडे पाहत होते. या गृहस्थांबरोबर मी आलो आहे, याची मला लाज वाटली. मी म्हणालो, "चालतं हो."

त्याने ते टाइप केले: सोबतच्या गृहस्थांनी समाधान व्यक्त केले. मी सही केली. नाना चार पावलांवर होते. त्यांनी मान वर केली नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारले, "दिलं का लिहून?"

मी मान हलवली. हो.

"काटा बरोबर केला?"

मी पुन्हा मान हलवली. नानांनी पिशवीतून अर्धी बाहेर काढलेली फूटपट्टी परत आत टाकली आणि जॉब कार्डाची घडी न वाचताच खिशात ठेवली. "लेखी आहे म्हटल्यावर पट्टी कशाला?" असे म्हणून त्यांनी मला मागे बसवले. दर शनिवारी ते विश्रांतवाडीला त्यांच्या थोरल्या बहिणीकडे जातात. तिकडे निघालो. काटा अर्ध्यावर होता. काढलेल्या पेट्रोलपैकी टाकीत परत किती गेले होते, ते देव जाणे.

आळंदी रस्त्याला गाडी दोनदा आचके देऊन थांबली. काटा अर्ध्यावरच. मी उतरलो. नाना गाडी तिथेच उभी करून हलवू लागले. वाकून त्यांनी टाकीला कान लावला. मागून बस येत होती. मी म्हणालो, "नाना, बाजूला घ्या." मग मोठ्याने म्हणालो. मग मला आठवते तेवढ्या आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो इतक्या जोराने ओरडलो. बसने लांबलचक हॉर्न दिला. नाना शांतपणे गाडी हलवीत होते. शेवटी मी त्यांचा दंड धरून त्यांना आणि गाडीला कडेला ओढले.

त्यांनी बसकडे पाहिले, मग माझ्याकडे. "सबनीस," ते म्हणाले, "आवाज येतोय का हो आत?"

वही मी स्वतःच त्यांच्या खिशातून काढून घेतली. लिहिले: कधीपासून?

"तीन वर्षं. डावा आधी गेला. मग उजवा त्याच्या सोबतीला गेला. यंत्र आणलंय, पण ते लावलं की डोक्यात सगळे पंप एकदम सुरू होतात." त्यांनी ते पान फाडून घडी केली. "अजितला बोलू नका. किल्ली काढून घेईल. मग शनिवारचं काय?"

(अजितला हे आता ठाऊक आहे, नानांनीच पुढे त्याला कळवले, अर्थात लिहून. एरवी मी ते इथे मांडले नसते. किल्ली अजून नानांकडेच आहे.)

अजितला मेसेज करायचा नव्हता. मी गाडी पेट्रोल पंपापर्यंत ढकलत नेली. नाना मागून पिशवी घेऊन चालत आले.

ताईंचे वय ऐंशीच्या पुढे. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहतात. आता त्यांना माणसाची नुसती सावली दिसते. इथे वही निरुपयोगी होती. नाना त्यांच्या खाटेजवळच्या खुर्चीत बसले. ताई बोलू लागल्या. वरच्या मजल्यावरचे भांडण, गुडघा, कोणाचे तरी बारसे. त्या थांबल्या, की नाना म्हणत, "हो."

"पाठ कशी आहे रे तुझी?"

"जेवूनच आलोय," नाना म्हणाले.

ताई हसल्या आणि माझ्या सावलीकडे वळल्या. "तुम्ही सोबत आलात म्हणून सांगते. याला काही ऐकू येत नाही, मला केव्हाच कळलंय. तुम्ही बोलू नका हं त्याला. मी थांबले की हो म्हणतो, अगदी वेळेवर म्हणतो. माझ्याजवळ बसून एवढा वेळ हो म्हणणारं आता दुसरं कोण आहे मला?"

हे त्या नानांच्या समोर, नेहमीच्या आवाजात म्हणाल्या आणि थांबल्या.

"हो," नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच सर्व्हिस सेंटरला गेलो आणि अर्ज दिला. कालचे माझे विधान खोटे होते, गाडी माझ्यासमोर काटा अर्ध्यावर असताना बंद पडली, असे त्यात लिहिले. सुपरवायझरने तो दोनदा वाचला. "सर, असं कोणी लिहून देत नाही." मी म्हणालो, "मला उशीर झाला द्यायला." वॉरंटीला दिवस उरलेले होते. त्यांनी नानांची गाडी मागवून ठेवून घेतली, काटा अखेर त्यांच्याच दारात अडकला आणि फुगा बदलला गेला.

नानांनी त्यानंतर आठ दिवस रोज पट्टी लावून पाहिली. नवव्या दिवशी त्यांनी रजिस्टर बंद केले आणि मला पार्किंगमध्ये बोलावले. काटा दाखवला. मी त्यांची वही मागितली आणि लिहिले: त्या शनिवारी मी तुमच्या विरुद्ध सही केली. तुम्हाला खोटे सांगितले. मला क्षमा करा.

नानांनी ते वाचले. मग रजिस्टरातून त्या दिवशीचे जॉब कार्ड काढले. 'सोबतच्या गृहस्थांनी समाधान व्यक्त केले' या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती.

"पेट्रोल पंपाकडे चालताना वाचलं होतं," ते म्हणाले. "म्हटलं, याला आत्ता काय बोलायचं. तुम्ही गाडी ढकलत होता. एकदाही थांबला नाहीत."

मी पुन्हा वही घ्यायला हात पुढे केला. त्यांनी ती खिशात घातली.

"लिहिलंत ते बरं केलंत. आता बोला."

मी हाताने विचारले, काय?

"हेच. तोंडानं. मला काही ऐकू यायचं नाही. पण बोला."

पार्किंगमध्ये आम्ही दोघेच होतो. मी सगळे पहिल्यापासून सांगितले: सुपरवायझरचा प्रश्न, बाकड्यावरचे लोक, वाटलेली लाज, आणि पहिल्या शब्दाला पुढे येणाऱ्या त्या वहीचा इतकी वर्षे धरलेला राग. माझा आवाज मुळातच लहान. तेव्हा तो इतका लहान झाला होता, की चांगल्या कानाच्या माणसालाही तो पुरला नसता. नाना शेवटपर्यंत माझ्या तोंडाकडे पाहत राहिले.

मी थांबलो.

"हो," नाना म्हणाले. अगदी वेळेवर.